गुलछबूचा गुडघा

इमाम माहुताचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. ही गोष्ट अख्ख्या कोल्हापुरात तिघांनाच ठाऊक होती: एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको बेगम आणि तिसरी गुलछबू हत्तीण. निदान त्याची समजूत तरी अशीच होती, आणि समजुतीवर माणूस किती वर्षं काढतो हे काही मी तुम्हाला सांगायला नको.

शाहू महाराजांना गादीवर येऊन सोळा-सतरा वर्षं झाली होती, तेव्हाची ही हकीकत. दरबारातल्या एका सरदारांच्या घरामागं हत्तीखाना होता. म्हणायचं हत्तीखाना, पण आत हत्ती एकच. तीच गुलछबू. इमामचा बाप तिथंच माहूत होता. बाप गेला आणि अंकुश इमामच्या हातात आला तेव्हा तो पंचविशीचा होता. आता पंचावन्न उलटली होती. तीस वर्षं त्यानं त्या हत्तिणीच्या मानेवर काढली, आणि जमिनीवरून चालणाऱ्या माणसांकडं वरून बघायची सवय त्याच्या हाडात मुरली.

त्याचं नाव झालं होतं ते चढण्यामुळं. हत्तिणीसमोर उभं राहायचं, दोन्ही कान धरायचे, सोंडेवर पाय टाकायचा, की गुलछबू मान उचलायची आणि इमाम तिच्या कपाळावरून सरळ मानेवर जाऊन बसायचा. फेटासुद्धा हलायचा नाही. दसऱ्याच्या मिरवणुकीआधी हे बघायला माणसं गोळा व्हायची. बाहेरगावचा एखादा माहूत हत्तीला खाली बसवून, त्याच्या पायावर पाय देऊन चढताना दिसला की इमाम मोठ्यानं म्हणायचा, "पावणं, शिडी आणून देऊ काय?" लोक हसायचे. तो बिचारा माहूत तोंड लपवायचा.

अशा माणसाचे गुडघे जावेत!

सुरुवात जिन्यापासून झाली. मग सकाळी उठणं अवघड झालं. उठल्यावर पहिला अर्धा तास पाय वाकतच नसत, दोन्ही गुडघ्यांत कुणी लाकडं बांधून ठेवली आहेत असं वाटे. उकिडवं बसणं संपलं. भिंतीला धरून उठणं सुरू झालं. मशिदीत सिजद्यासाठी गुडघे टेकले की कपाळाआधी डोळ्यांतलं पाणी जमिनीला लागायचं. गुडघे धरलेली माणसं मागच्या कोपऱ्यात बसून नमाज पढायची, त्याला कुणाची ना नव्हती. पण इमाम माहूत त्या कोपऱ्यात बसणार? त्यानं मशिदीत जाणंच सोडलं आणि घरी, दाराला कडी लावून, चौरंगावर बसून नमाज पढू लागला.

बेगम वाळू तापवून फडक्यात बांधायची, शेक द्यायची, तिळाचं तेल चोळायची. "मदिनाचे अब्बा, त्या पिराजी साळोत्र्याला तरी दाखवा की. जनावरांचा वैद्य असला तरी हाडाची जाण हाय त्येला."

"मी काय बैल हाय?"

"बैल परवडला," बेगम म्हणायची. "त्यो लंगडतोय तवा लंगडतो तरी."

इमाम लंगडत नसे. गुडघ्यांना फडकी इतकी आवळून बांधायचा की पाय काळेनिळे पडायचे, आणि सगळ्यांदेखत ताठ चालायचा. कुणी नसलं की नुसता बसून राहायचा.

पण सोंडेवरून चढणार कसं? त्यासाठी पाय कमरेइतका वर उचलावा लागतो. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो उचललाच गेला नाही. इमामनं आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. हळू आवाजात तो म्हणाला, "बैठ."

गुलछबूनं त्याच्याकडं जरा विचित्रच पाहिलं. इतक्या वर्षांत चढण्यासाठी त्यानं तिला कधी बसवलं नव्हतं. पण ती बसली. तो तिच्या दुमडलेल्या पायावरून वर गेला. तेव्हापासून हाच क्रम पडला. सकाळी, अगदी दसऱ्यालासुद्धा, माणसं यायच्या आधी हत्तीखान्यात बैठ. पंचगंगेवर उतरताना झाडीआड बैठ, आंघोळीनंतर परत चढताना बैठ. वैरण आणायला गेलं की तिथं दोनदा. दिवसाला सात-आठ वेळा ते धूड खाली बसायचं आणि उठायचं, आणि कोल्हापूर म्हणायचं, इमामचाचा अजून सोंडेवरूनच चढतोय.

आता ख्वाजाची गोष्ट. खरी आग तिथं होती.

ख्वाजा नेसरीकडचा. सहा वर्षांपूर्वी चारा-पाण्याला म्हणून लागला आणि बघता बघता दुय्यम माहूत झाला. पस्तिशीचा गडी, बायको-मुलं गावी, बोलणं कमी. इमामनंच त्याला सगळं शिकवलं होतं. कानामागं अंगठा कुठं दाबायचा, हत्तीण रागावली हे शेपटीवरून कसं ओळखायचं, सगळं. शिकवताना इमामचं त्याच्यावर प्रेमही होतं. पण ते गुडघे धड असतानाचं प्रेम होतं.

आता ख्वाजा उकिडवा बसून भाकरी खायचा, आणि इमामच्या घशाखाली घास उतरायचा नाही. भाकरी संपली की गडी हात न टेकता उठायचा! नुसता उठायचा, आपण काही विशेष केलं याची त्याला खबरही नसायची. इमामला वाटायचं, मुद्दाम करतोय. शुक्रवारी तो मशिदीतून यायचा तर कपाळाला चटईची खूण असायची, आणि इमामला त्या खुणेचासुद्धा हेवा वाटायचा. देवाच्या दारात दुसऱ्याचे गुडघे वाकतात म्हणून जळणारा माणूस! त्याची त्यालाच लाज वाटायची. मग लाज वाटायला लावली म्हणून तो ख्वाजावरच आणखी चिडायचा.

त्यात गुलछबू फितूर झाली. ख्वाजाची चाहूल लागली की तिच्या घशातून ती घुमल्यासारखी गुरगुर निघायची. पूर्वी ती फक्त इमामसाठी निघे. सोंड पुढं करून ती ख्वाजाला अलगद वर घ्यायची आणि इमाम खांबाला टेकून बघत राहायचा. पंचावन्न वर्षांचा बाप्या, नातवंडांचा आजा, आणि पोटात ही तडफड! नवी सवत घरात आल्यावर बाईचं जे होतं, तेच त्याचं झालं होतं.

एक खोड मात्र ख्वाजाला होती. सकाळी हत्तीखान्यात शिरण्याआधी तो फाटकाबाहेर उभा राहून मोठमोठ्यानं खोकायचा. बराच वेळ. मग आत यायचा. इमामला तेवढंच बरं वाटायचं. निदान छातीनं तरी हा अधू आहे.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला सरदारांकडून हत्तीण जायची. यंदा इमामनं तापाचं निमित्त केलं, कारण डोंगरावर माणसांच्या गर्दीत झाडीआड कुठून आणायची? ख्वाजा गेला. गुलालात न्हालेली हत्तीण आणि वर न्हालेला ख्वाजा परत आले तेव्हा कारभारी गणपतरावांनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली. "वा रे गड्या! इमामभाई, तुमचा चेला तुमच्याफुडं गेला की!" इमाम हसला. त्या हसण्यानं त्याची दाढसुद्धा दुखली असेल.

पावसाळा सरता सरता गुलछबू लंगडू लागली.

मागचा उजवा पाय. आधी नुसतं सकाळी, मग दिवसभर. गुडघा सुजून मडक्याएवढा झाला. दसरा महिन्यावर आला होता. मिरवणुकीत हत्तीण नाही म्हणजे सरदारांची नामुष्की. गणपतराव तावातावानं हत्तीखान्यात आले.

"काय झालं हो इमामभाई?"

इमामच्या तोंडून उत्तर इतकं चटकन निघालं की जणू ते चैत्रापासून तयारच होतं. "जोतिबाचा डोंगूर, रावसाहेब. दगडावरनं पळवली असणार. मी असतो तर असं झालं नसतं. आता ज्येच्या हातात दिली त्येला इचारा."

त्याला खरं कळत नव्हतं असं नाही. हत्तिणीचा पाय त्याला नाही कळणार तर कुणाला? पण त्यानं ते कळून घेतलं नव्हतं. गुडघा बघायला तो तिच्या मागं गेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पिराजी साळोत्री आला. सत्तरीचा, वाळून गेलेला म्हातारा. त्यानं आधी गुलछबूला चालवून पाहिलं, मग सुजेवर तळहात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग वाकून तिच्या पुढच्या पायांची कोपरं आणि मागचे गुडघे नीट न्याहाळले. गणपतराव, ख्वाजा आणि इमाम बाजूला उभे होते.

"सांधा झिजलाय," पिराजी म्हणाला. "सांधा म्हंजे गाडीचा आस बगा. वंगण हाय तवर चाक फिरतंय. गाडी नुसती उभी ठिवली तर आस गंजतोय, आणि भलता भार घालून हिसकली तर झिजतोय. हिचं दुसरं झालंय."

"डोंगरानं?" गणपतरावांनी विचारलं.

"डोंगूर चढून असं घट्टं पडत न्हाईत, रावसाहेब. हे बगा, कातडं कसं घासलंय. हे बसून-उठून पडत्यात. एवढं वजन एका गुडघ्यावर तोलून उठायचं म्हंजे खेळ हाय काय? कोण हो हिला बसवतंय येवढं?"

गणपतरावांनी इमामकडं पाहिलंसुद्धा नाही. इमाम सोंडेवरून चढतो हे तर सूर्य उगवतो इतकं पक्कं होतं. ते वळले ते ख्वाजाकडं.

"काय रे? तू बसवतोस व्हय?"

ख्वाजानं मान वर केली. त्यानं इमामकडं पाहिलं. एकदाच. मग पुन्हा खाली बघत म्हणाला, "चुकलं असंल माजं, रावसाहेब."

आणि त्या एका नजरेत इमामला सगळं उमगलं. याला माहीत होतं. दोन वर्षांपासून माहीत होतं. तो खोकला छातीचा नव्हताच. 'चाचा, मी आलोय, काय उरकायचं ते उरकून घ्या,' असं फाटकाबाहेरून सांगणं होतं ते. इमाम वर चढून बसला की मगच हा आत यायचा आणि रोज म्हणायचा, "चाचा, आज लवकर चढलासा."

गणपतराव कडाडले, "चुकलं म्हणतोयस? दसरा तोंडावर आला आणि चुकलं? गाठोडं बांध आणि नेसरीची वाट धर!"

ख्वाजा "जी" म्हणाला आणि निघाला.

आता इमामनं काय करायचं होतं? काहीच नाही. गप्प राहायचं होतं. जे दोन वर्षं मनात धरलं ते आयतं पदरात पडत होतं. मान परत त्याची, गुरगुर परत त्याची, दसरा त्याचा. क्षणभर त्याला हलकंही वाटलं. ते मी लपवत नाही.

पण त्या हलकेपणाच्या मागोमाग असा काही भडका उठला की त्याला उभं राहवेना. याचे गुडघे चांगले. याची पाठ ताठ. हत्तीण याची. आणि आता मनाचा मोठेपणाही यानंच न्यायचा? आपल्या चोरीवर पांघरूण घालून हा नेसरीला जाणार, आणि आपण मरेपर्यंत याच्या उपकाराखाली मानेवर बसणार? सगळं सोसलं असतं इमामनं, पण हे नाही. चांगुलपणामुळं माणसं खरं बोलतात असं आपण पोरांना शिकवतो. इमाम खरं बोलला तो निव्वळ जळफळाटानं.

"खोटं बोलतोय त्यो!" तो ओरडला. "रावसाहेब, मी बसवत होतो. दोन वरसं. दिसाला सात-आठ डाव."

गणपतराव हसलेच. "चेल्याला वाचवताय व्हय, इमामभाई? तुम्ही आणि बसवून चढणार? काय तरीच."

"माजं गुडघं गेल्यात."

"तुमचं? काल तर ताठ चालत हुता की. बरं, चढून दावा बघू. म्हंजे कळंल."

चार पावलं होती. इमाम गुलछबूसमोर जाऊन उभा राहिला. दोन्ही कान धरले. उजवा पाय उचलायला गेला. वीतभर उचलला आणि गुडघ्यातून अशी कळ आली की तोंडातून आवाज निघाला. पाय खाली आला. त्यानं डावा करून पाहिला. तो वीतभरही आला नाही.

गुलछबू त्याच्याकडं बघत होती. हा समोर उभा राहिला की काय करायचं, हे दोन वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं. कुणी "बैठ" म्हटलं नाही. इमामनं तर तोंडही उघडलं नव्हतं. तिनं आपली आपणच मागचे पाय दुमडायला घेतले. सुजलेला गुडघा वाकला, सबंध अंग थरथरलं, घशातून एक कण्हणं निघालं, तरी ती खाली येतच होती. त्याला चढता यावं म्हणून.

"धत्! धत्, बेटी! न्हाय, न्हाय, उठ!" इमाम तिच्या कपाळाला दोन्ही हात लावून ढकलत होता, जणू तो तिला तोलून धरणार होता. "नगं बसू. उठ, माझे आई!"

ख्वाजा धावत आला आणि त्यानं मागून तिच्या मांडीवर थाप मारून आवाज दिला. अर्ध्यातून ती उठली. इमाम तिच्या सोंडेला धरून रडत होता. आता कुणाला काही विचारायचं राहिलं नव्हतं.

गणपतरावांनी गुलछबूच्या सुजलेल्या गुडघ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "ख्वाजा, गाठोडं सोड. आजपासनं मानंवर तूच." आणि इमामकडं न बघता बाहेर गेले. न बघणं हा त्यांनी ठेवलेला मान होता की राग होता, हे इमामला शेवटपर्यंत कळलं नाही.

पिराजी मात्र मागं राहिला. त्यानं इमामला ओट्यावर बसवलं, गुडघ्यांची फडकी सोडली आणि शिव्या हासडल्या. "अशी आवळत्यात व्हय? ऐका आता. हिला आणि तुमाला औषध येकच. झिजलं ते परत येत न्हाय. पर हाय ते जपता येतंय. सकाळी निर्गुडीच्या पाल्याचा शेक. उन्हं चढली की मऊ मातीतनं चालायचं, थोडं थोडं, दमायच्या आत थांबायचं. ठणका लागला तर त्या दिशी आराम, पर दुसऱ्या दिशी परत चालायचं. हिचा गूळ कमी करा, तुमचा भात कमी करा. हिनं खाली बसायचं न्हाय, तुमी उकिडवं बसायचं न्हाय. आणि दुकतंय तर दुकतंय म्हणायचं. लपवलेलं दुकणं दुसऱ्याच्या अंगावर जातंय, बघितलंसा न्हवं?"

बेगम रोज सकाळी मोठ्या पातेल्यात निर्गुडीचा पाला उकळू लागली. त्यातला बराचसा गुलछबूच्या गुडघ्याला जाई, उरलेला इमामच्या. नांगरलेल्या रानातून ती तिघं फिरत: हत्तीण पुढं, बाजूला काठी टेकत इमाम, आणि वर ख्वाजा. पहिली शंभर पावलं दोघंही लंगडत. मग हळूहळू सांधे सैल होत. सूज उतरली. पुरती नाही, पण उतरली. तीन आठवड्यांनी इमामला स्वतःच्या पायानं पायरी उतरता येऊ लागली. शुक्रवारी तो मशिदीत गेला आणि मागच्या कोपऱ्यात बसला. कुणी काही म्हणालं नाही.

एक दिवस बेगमनं विचारलं, "आता बरं वाटतंय न्हवं?"

"गुडघ्याला बरं वाटतंय," इमाम म्हणाला. "त्यो वर चढला की हितं अजून जळतंय." आणि त्यानं छातीवर हात ठेवला. बेगमनं त्यावर शेक द्यायचं काही सुचवलं नाही.

दसऱ्याला गुलछबू मिरवणुकीत निघाली. कपाळावर नक्षी, पाठीवर जरीची झूल, गळ्यात घंटा. ख्वाजा सोंडेवरून चढला तेव्हा लोकांनी आरोळी ठोकली. इमाम खाली, तिच्या मागच्या उजव्या पायाशी काठी टेकत चालत होता. पिराजीनं बजावलं होतं की पाय कधी ठणकतो हे ओळखून जागच्या जागी थांबवणारा माणूस जवळ हवा, आणि तसा माणूस एकच होता. दोनदा त्यानं हात वर केला, दोनदा ख्वाजानं काही न विचारता हत्तीण उभी केली. मागं अख्खी मिरवणूक तटली. इमाम वाकून सांध्यावर तळहात ठेवी, गरम लागतंय का बघी, आणि मग मान हलवी.

तिसऱ्यांदा थांबले तेव्हा गर्दीतला एक परगावचा माणूस वर बघत म्हणाला, "काय बसलाय गडी! पावणं, ह्यो माहूत कोण हो हिचा?"

इमामनं वर पाहिलं. तीस वर्षं ज्या जागेवरून त्यानं हे शहर पाहिलं, ती जागा खालून फार उंच दिसत होती. तळहाताखाली गुलछबूचा गुडघा धुगधुगत होता.

"ख्वाजा," तो म्हणाला. "नेसरीचा हाय."

"आणि तुमी?"

"मी गुडघा बघतोय," इमाम म्हणाला, आणि हात वर करून त्यानं ख्वाजाला चालायची खूण केली.